गाडी बिघडली का?

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक तिरपा कोपरा आहे. तिथे सायकली निवृत्तीनंतरचं आयुष्य काढतात. दोन्ही चाकं बसलेली, आऱ्यांमध्ये कोळ्याची जाळी, सीटवर धुळीचा असा थर की पोरांनी त्यावर बोटानं एकमेकांची नावं लिहावीत. एखादी कुणाच्या आठवीतल्या वाढदिवसाची, एखादी कुणाच्या चाळिशीतल्या निर्धाराची. मार्चमध्ये फळ्यावर सूचना लागली, 'जिन्याखालील बेवारस सायकली ३१ तारखेच्या आत न हलवल्यास भंगारात देण्यात येतील.' त्यातली जांभळी आमची. म्हणजे लेकीची. लेक नोकरीला बंगळूरला, सायकल जिन्याखाली, आणि आई-बाप दोघंही वरच दुसऱ्या मजल्यावर राहतात. तरी बेवारस!

मीच मग भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं सायकल एका हातानं उचलून जोखली आणि म्हणाला, "लोखंड कमीये ताई. अडीचशे."

साडेनऊ हजारांची सायकल. अठरा गिअर. अडीचशेत हल्ली दोघांची मिसळ होते, तीही जादा पाव न मागता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही द्यायची. मी चालवणार आहे. ऑफिसला."

यातलं 'ऑफिसला' कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही. रागात माणूस भलतंच बोलतो आणि चहा होईपर्यंत विसरूनही जातो. पण नेमके त्याच वेळी सेक्रेटरी जिना उतरत होते. "वा, वहिनी!" म्हणाले. संध्याकाळपर्यंत बातमी चौथ्या मजल्यावर पोचली. तेव्हा आरोग्य, पर्यावरण, पेट्रोलचे भाव यांतलं काहीही माझ्या सायकलमागे नाही. अडीचशे रुपयांचा अपमान आहे.

कोथरूडात सायकलची दुकानं नाहीत असं नाही. काचेची आहेत, एसीची आहेत. तिथे सत्तर हजारांची सायकल भिंतीवर टांगलेली असते आणि पंक्चर म्हटलं की काउंटरवरचा मुलगा "मेकॅनिक शनिवारी येतो" म्हणतो. पंक्चर काढणारा माणूस शेवटी गावठाणातल्या एका बोळात सापडला. पत्र्याची टपरी, बाहेर पाण्याचं घमेलं, आणि सत्तरीतले एक काका.

काकांनी सायकल उलटी केली, चाक सोडवलं, टायर एका कडेनं उचकटून ट्यूब बाहेर ओढली. तिच्यात थोडी हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यातून वीत-वीत सरकवत नेली. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ लागली. तिथे कॉपिंग पेन्सिलीनं फुली मारली, ट्यूब पुसली, काचपेपरनं घासली, सोल्युशनचं बोट फिरवलं आणि फुंकर घालत बसले. ठिगळ लगेच लावायचं नसतं. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच लावायचं, तोवर बसायचं. मी घड्याळ बघितलं. काका वर न बघता म्हणाले, "घाई असंल तर स्कूटरवर जा."

तीन पंक्चर निघाले. टायरमध्ये बाभळीचा एक काटा अजून रुतलेला होता. लेक दहावीला असताना टेकडीवर गेली होती, तेव्हाचा असणार. दाताच्या डॉक्टरनं काढलेली दाढ दाखवावी तसा काकांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"बसा आता." मी बसले. दोन्ही पाय नीट जमिनीला टेकले, मला बरं वाटलं. काकांना वाटलं नाही. "सायकल हाय ही, पाट न्हाई," म्हणाले आणि पान्यानं सीट चांगली चार बोटं वर घेतली. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आजवर शाळेत, घरात, कुणी सांगितलं नव्हतं. पायडल पार खाली न्यायचं, त्यावर टाच ठेवायची, आणि पाय गुडघ्यात सरळ व्हायला हवा. प्रत्यक्ष चालवताना टाच नाही, चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकतो. सीट खाली ठेवून लोक गुडघे छातीशी घेऊन पायडल मारतात आणि मग सायकलनं गुडघे गेले म्हणतात. उंच सीटवर बसल्यावर जमिनीला फक्त पायाची बोटं पोचतात. म्हणजे सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं. हे कळायला मला एकोणपन्नास वर्षं लागली.

हवेचंही तसंच. टायरच्या कडेला ४० ते ६५ असे आकडे कोरलेले होते. माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकात २२ भरतात. एवढ्याशा चाकाला स्कूटरच्या दुप्पट-तिप्पट हवा लागते, हे मला खरंच वाटेना. काकांनी पंपाचा दट्ट्या दाबत एवढंच सांगितलं, "हवा कमी तर दम जास्त." बिल चारशे ऐंशी. अडीचशेच्या वस्तूवर.

शनिवारी सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत, पार्किंगमध्ये सराव सुरू केला. जगातल्या पहिल्या दुचाकीला पायडलच नव्हतं. १८१७ साली जर्मनीत कार्ल फोन ड्राइस नावाच्या गृहस्थांनी लाकडाची दोन चाकं एकामागे एक लावली आणि मध्ये बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलत ते निघाले. मीही १८१७ पासूनच सुरुवात केली. दोन खांबांमधून पाय घासत तीन फेऱ्या झाल्यावर पायडलवर पाय ठेवला आणि सायकल चालली. सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात, ते खरं आहे. पण ती येते तेव्हाच्या शरीराला येते, आताच्या शरीराला तिची नव्यानं ओळख करून द्यावी लागते. उजवीकडे वळायचं तर मागे बघायला हवं. मान उजवीकडे वळली की हँडलही उजवीकडे. पंचविशीत मान, खांदा आणि हात ही वेगवेगळी माणसं होती. आता त्यांचं एकत्र कुटुंब झालंय, एक निघाला की सगळे निघतात. बिल्डिंगच्या मीटरच्या पेटीला मी दोनदा भेटून आले.

रविवारी सल्लागार जमले. माझा नवरा सायकल चालवत नाही, पण खरेदी उत्तम चालवतो. हेल्मेट, पुढचा पांढरा दिवा, मागचा लुकलुकणारा तांबडा, हातमोजे, बाटली आणि बाटलीचा पिंजरा हे सगळं तोवर घरी आलं होतं. सायकलपेक्षा सामान महाग झालं. चौथ्या मजल्यावरचे भावे (आडनाव बदललंय, त्यांना शोधू नये) दर रविवारी चकचकीत तंग कपडे घालून खडकवासल्याला जातात. त्यांची सायकल नऊ किलोची आहे आणि ती गाडीच्या टपावर बसून प्रवास करते. त्यांनी विचारलं, "केडन्स किती ठेवणार?" मला ते हॉटेलचं नाव वाटलं. एका मिनिटात पायडलचे किती फेरे, त्याला केडन्स म्हणतात. पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट सोन्यासारखी निघाली. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. चढावर अडकल्यावर, पाय दाबून धरलेला असताना बदलायला गेलं तर चेन कुरकुरते आणि कधी निसटते.

सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. वय ८२. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं?"

सोमवारी सकाळी नऊ दहाला मी निघाले. महिना एप्रिल. शहाण्या माणसानं नोव्हेंबरात सुरुवात करावी. गेटपाशीच शेजारच्या वहिनी भेटल्या. "अगंबाई, गाडी बिघडली का?" नाही म्हटलं. "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात गाडी म्हणजे स्कूटर. मोटार म्हणजे फोर व्हीलर. सायकल म्हणजे गाडी बिघडल्याची खूण. त्या दिवशी हा प्रश्न मला सात जणांनी विचारला, त्यात एक ट्रॅफिक हवालदारही होता.

कोथरूड स्टँडपासून निघाले आणि लक्षात आलं की पायडल मारायची गरजच नाही. सायकल आपली आपण कर्वे पुतळ्यापर्यंत गेली, तिथून नळ स्टॉपपर्यंत गेली. एकोणीस वर्षं मी या रस्त्यानं स्कूटरवर जातेय. हा उतार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. स्कूटरला चढ-उतार नसतातच, फक्त मूठ असते. वाऱ्यानं ओढणी फडफडत होती (दोन्ही टोकं कमरेला गाठ मारून बांधावीत, नाहीतर मागचं चाक ती मागून घेतं), आणि मी मनातल्या मनात सगळ्या ऑफिसला सायकलवर आणत होते. सहा किलोमीटरचा काय तो बाऊ! उतार सकाळी असेल तर त्याचा अर्थ संध्याकाळी लागतो, एवढं साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही.

वाटेत एका ठिकाणी सायकल ट्रॅकही लागला. लाल रंगाचा, व्यवस्थित, फूटपाथला लागून. त्यावर एक रिक्षा, एक उसाचं गुऱ्हाळ आणि दोन कुंड्या होत्या. शंभर-दीडशे पावलांवर तो विजेच्या डीपीला जाऊन टेकला आणि संपला. पुढे गेल्यावर पुन्हा तसाच मध्येच सुरू झाला. मी रस्त्यावरूनच गेले.

डबा कॅरिअरला रबरी पट्ट्यानं आवळला होता. सायकलचं हवा भरलेलं चाक ही एका जनावरांच्या डॉक्टरची देणगी आहे. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ते केलं आणि १८८८ साली पेटंट घेतलं. त्याआधी भरीव चाकांवर लोकांची हाडं खिळखिळी होत. डनलॉपनी मुलाचा विचार केला, आमटीचा केला नाही. आपटे रस्त्याच्या चाकोऱ्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या, आणि आपले गतिरोधकही. झेड पुलावर पोचेपर्यंत चिंच-गुळाच्या आमटीनं डब्याचं झाकण आतून ढकललं होतं. बदलायचा कुर्ता त्याच पिशवीत होता. म्हणजे ऑफिसात पोचल्यावर माझ्यापुढे दोनच पर्याय होते, घामाचा कुर्ता किंवा गोड्या मसाल्याचा. मी घामाचा निवडला. तरी अकरा वाजता शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "आज आमटी कुणी आणलीय?"

(आता कुर्ता ऑफिसच्या खणात असतो. सोमवारी दोन नेते, शुक्रवारी आणते. डब्यात पोळी-भाजी, उसळ, दही घट्ट असेल तर दही. पातळ पदार्थ स्कूटरच्या दिवशी.)

खरा प्रसंग पार्किंगमध्ये झाला. आमच्या ऑफिसच्या इमारतीत गाडी लावायला स्टिकर लागतो आणि स्टिकरला संगणकावर फॉर्म भरावा लागतो. 'वाहन क्रमांक' या रकान्यापुढे तांबडी चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी 'नाही' लिहिलं. 'अवैध क्रमांक' असं उत्तर आलं. 'सायकल' लिहिलं. तेही अवैध. शेवटी स्कूटरचा नंबर टाकला तर 'या वाहनास स्टिकर दिलेला आहे' असं आलं, आणि ते खरंच होतं. वर जाऊन संबंधित साहेबांना भेटले. माणूस सज्जन. त्यांनी बराच विचार केला आणि अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, सायकल हे वाहन आहे की सामान? सामान असेल तर तुम्ही लिफ्टनं वर आणू शकाल." फॉर्म 'पुढील निर्णयार्थ' ठेवला गेला.

मी खाली आले तेव्हा वॉचमन मामा माझ्या सायकलपाशी उभे होते. हातानं चाक दाबून बघत होते. "हवा चांगलीये," म्हणाले. "चला, दावतो जागा." इमारतीच्या मागे जनरेटर आहे, त्याच्या मागे भिंतीलगत दोन-अडीच फुटांची पट्टी. वर पत्रा. तिथे एक काळी बावीस इंची अ‍ॅटलस उभी होती. दांडीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, चेनकव्हर पूर्ण, मागे कॅरिअरला डबा आणि गुंडाळलेला रेनकोट. एप्रिलमध्ये रेनकोट. तेल दिलेली चेन काळीभोर चकाकत होती. अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. मामांच्या सायकलला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

"ही तुमची?"

"व्हय. उत्तमनगरास्नं येतो."

उत्तमनगर म्हणजे एका बाजूला अकरा-बारा किलोमीटर. मी एकोणीस वर्षं या इमारतीत येतेय. मामा माझ्या आधीपासून आहेत. रोज मला सलाम करतात, दिवाळीला मी त्यांना पाकीट देते. ते येतात कसे, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता विचारलं, जरा सायकलस्वारानं सायकलस्वाराला विचारावं तसं, "किती वर्षं सायकलिंग करता मामा?"

मामांना प्रश्न समजला नाही. मी पुन्हा विचारला.

"सायकलिंग न्हाई करत मॅडम," ते म्हणाले. "ड्यूटीला येतो."

घरी आल्यावर मी उगाच शोधाशोध केली. २०११ च्या जनगणनेत लोकांना कामाला कसं जाता असं विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलवरून जात होते. म्हणजे कोट्यवधी माणसं, मोटरसायकल-स्कूटरवाल्यांच्या जवळजवळ बरोबरीनं. आणि मी कोथरूडभर कौतुक गोळा करत होते. पेपर टाकणारा, माळी, बांधकामावरचा गवंडी, रात्रपाळीचा वॉचमन, यांच्यापैकी कुणाला "वा!" म्हणायला सेक्रेटरी जिना उतरत नाहीत. त्यांनी सायकल सुरू केलेली नाही, सोडलेली नाही एवढंच. 'सुरुवात' ही आमच्यासारख्यांची चैन आहे, मध्ये सोडलेल्यांची.

आता संध्याकाळ. झेड पुलावर जोडपी कठड्याला टेकून बसलेली होती, आणि त्यांच्यामधून हेल्मेट घातलेली एक काकू धापा टाकत गेली, तेव्हा दोन-तीन जोडपी आपसूक सावरून बसली. नळ स्टॉपपर्यंत ठीक चाललं. पुढे रस्ता हळूहळू वर उचलला गेला. इतका हळू की डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. भाव्यांचा मंत्र आठवला तेव्हा चढ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. गिअर बदलला, चेन कुरकुरली, निसटली नाही. एक शाळकरी मुलगा दप्तर पाठीला लावून सहज शेजारून पुढे गेला आणि वळून म्हणाला, "काकू, पुढचा पण लहान करा!" पुढे तीन गिअर असतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

कर्वे पुतळ्याशी मी उतरले. उतरले म्हणजे सायकल थांबली आणि मी तिच्याबरोबर थांबले. घाम डोळ्यांत. हाताच्या तळव्यांवर हातमोज्यांचे वळ. आणि वर महर्षी कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे हे गृहस्थ. विधवांसाठी काढलेला आश्रम हिंगण्याला हलवल्यावर रोज संध्याकाळी कॉलेजचं काम आटोपून तिकडे चालत जात, पावसाळ्यात चिखलातून, अंधारात. रस्ता असा नव्हताच. आता हा जो रस्ता आहे त्याला त्यांचं नाव दिलंय. ते १०४ वर्षं जगले. मी मान वर केली नाही.

उरलेला चढ मी सायकल हातात धरून, फूटपाथच्या कडेनं, फोनवर बोलत असल्याचं नाटक करत चालले. ओळखीचं कुणी भेटलं तर चेन निसटली म्हणायचं ठरवलं होतं.

दार सासूबाईंनी उघडलं. "चढाला उतरलीस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अहो आई, उतरावंच लागलं. लाज वाटली."

"लाज कसली? उतरायचं आणि चालायचं. सायकल काय घोडा आहे, उतरलं की इज्जत जायला?"

मग त्या बोलत बसल्या. १९६३ साली त्या नारायण पेठेतून कॅम्पात सीडीएमध्ये (संरक्षण खात्याच्या हिशेब कचेरीत) नोकरीला जायच्या, लेडीज हर्क्युलिसवर, गोल साडीत. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंना रंगीत दोऱ्यांची जाळी, पदर आणि निऱ्या आत जाऊ नयेत म्हणून. दरवर्षी कॉर्पोरेशनचा कर भरून पितळी बिल्ला लावायचा. अंधार पडला की दिवा हवाच, रॉकेलचा, आणि तो वाऱ्यानं विझला तर पोलीस म्हणायचा, हात लावून दाखवा काच गरम आहे का. गरम असली तर आत्ताच विझला, सोडून द्यायचा. डबलसीटला दंड. खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला की रस्त्यावर सायकलींचा लोंढाच यायचा, त्यात उलट्या दिशेनं शिरलं तर भिजायला व्हायचं, असं त्यांचं वर्णन. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते कुणी मोहीम काढली म्हणून नव्हे. तेव्हा तेवढंच परवडायचं.

"तुझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा बघितलं ते लकडी पुलावर. माझी चेन पडली होती. मदत करू का म्हणून थांबले. तोवर माझी बसवून झाली होती. मग त्यांनी उगाच हात लावून बघितला आणि पांढऱ्या लेंग्याला वंगण लागलं." एवढं सांगून त्या शेंगा घेऊन आत गेल्या. लग्नाला तीस वर्षं होत आली माझ्या, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली. जाताना दारातून एवढंच म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा तेल दे चेनला. खोबरेल नको, तुझा नवरा खोबरेल देईल."

त्यांचा तो एक सल्ला, चढाला उतरायचं, त्यानं माझी सायकल टिकली. भाव्यांच्या केडन्सनं नाही, नवऱ्याच्या हातमोज्यांनी नाही. पहिला महिना मी कर्वे पुतळ्याशी रोज उतरले. दुसऱ्या महिन्यात स्टँडच्या अलीकडे उतरले. कधीतरी जूनमध्ये फोन वाजला म्हणून थांबले तर मी घराच्या गेटपाशी होते. अजूनही उकाड्याच्या दिवशी, किंवा ऑफिसात दिवस वाईट गेला असेल तर, उतरते. फोनचं नाटक करत नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, की त्यावरची सगळी गर्दी झेड पुलाकडे वळते आणि तिथे सायकल चालवत नाही, गर्दीच आपल्याला चालवते. अशा दिवशी मी मुकाट्यानं बसनं जाते. खड्डे पाण्यानं भरले की तळं किती खोल ते कळत नाही. मामा मात्र जातात. एप्रिलमध्ये बांधलेला त्यांचा रेनकोट जूनमध्ये कामाला आला. माझा घरी राहिला होता.

खोटं कशाला बोलू, रोज सायकल नेत नाही. आठवड्यातून तीन दिवस. गुरुवारी मंडईचा दिवस, तेव्हा स्कूटर. स्कूटरला घरापासून टेबलापर्यंत पंचवीस मिनिटं लागायची, त्यातली सात-आठ पार्किंगमध्ये जागा शोधण्यात. सायकलला तीस लागतात. वजन सातशे ग्रॅम कमी झालं आहे, त्यातलं अर्धं हेल्मेटचं असावं अशी नवऱ्याला शंका आहे. पिठाची गिरणी कुठल्या कोपऱ्यावर आहे, कुठल्या घरी रोज साडेनऊला लसणाची फोडणी पडते, कुठला सिग्नल किती सेकंदांचा आहे, हे मला आता पाठ आहे. उपयोग काही नाही.

वहिनी अजून गेटपाशी विचारतात, "गाडी बिघडली का?" मी "हो" म्हणते. त्यांचा वेळ वाचतो, माझाही.

फॉर्म अजून 'पुढील निर्णयार्थ' आहे. जनरेटरमागे मात्र हल्ली तीन सायकली लागतात, मामांची, माझी, आणि अकाउंट्समधल्या एका नव्या मुलाची. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस आपला आला. चौथीपुरती जागा आहे. शनिवार पेठेकडे कामाला येत असाल आणि जिन्याखाली एखादी असेल, तर आधी हवा भरून बघा, आणि घेऊन या. फक्त डावीकडच्या कोपऱ्यात लावू नका, तिथे पत्रा गळतो.